खोड

ट्राउगॉटच्या दुकानात भिंगांवर किमतीची चिठ्ठी नसते,
खोडीची असते.
'हे उजेडाला बुजतं.'
'ह्याच्या कडा गरगरतात, मधला माणूस तेवढा जागेवर.'
'पात्यांना तेल सुटलंय. उन्हाळ्यात बरं, थंडीत आळशी.'
बारीक, वळणदार अक्षर,
स्थळाची माहिती कोणी चुकून खरी लिहावी तसं.

ग्योर्लिट्झ. नदीच्या ह्या काठाला जर्मनी, त्या काठाला पोलंड,
मधल्या पुलावरून स्वस्त सिगारेटी घेऊन परतणारी माणसं.
मी दारात तिपाई रोवते. कॅमेरा नवा, हप्ते चालू आहेत,
त्याला सगळं दिसतं.
त्याच्यासोबत आलेल्या भिंगातून मावशीला एकदा पाहिलं होतं:
गालावरची लव, चष्म्याच्या दांडीवरचा मळ,
एकूण एक सुरकुती हजर.
मावशी गैरहजर.

फिल्म तिच्या गावावर आहे. गाव नाहीये.
कोळशासाठी खणून काढलं, मग खड्ड्यात पाणी सोडलं,
आता तिथे तळं आहे, शिडाच्या होड्या, आइस्क्रीमची गाडी.
लेयना मावशी काठावरून बोट दाखवते:
ती लाल होडी दिसते ना,
तिच्या खाली आमची पावाची भट्टी.

हे कुठल्या भिंगाने घ्यायचं, ट्राउगॉट?

तो टॉर्च लावून काचेत बघतो, वैद्य घशात बघतो तसा.
एकात बुरशी, कोळ्याच्या जाळ्याएवढी.
एकातून रस्त्यावरचा दिवा
साबणाचा फुगा होऊन ट्रामच्या टपावर बसतो.
मला हसू येतं. पण भट्टीवर फुगे नकोत.
मग तो एक पिवळं भिंग काढतो.
'काचेत किरणोत्सारी धातू मिसळायचे तेव्हा.
वयानं पिवळी पडली. महिनाभर खिडकीत ऊन दे, उतरेल.'
मी डोळा लावते.
समोरची बेकरी, ओला दगडी रस्ता, सायकलवरचा पोस्टमन,
सगळं मधात ठेवलेलं.
'उतरवायचं नाही,' मी म्हणते, 'हेच,'
आणि पाकीट काढते.

मावशी बाहेर बाकावर सफरचंद खात होती.
आत येते, हात कोटाला पुसते, बघते.
'आमचं गाव पाण्यात बुडालं,' म्हणते, 'मधात कधी बुडालं?
दोरीवरची चादर संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायची.
आणि त्याच कोळशाच्या विटा पाडायला
मी जात होते एकोणीस वर्षं, पगार घेऊन.
गोड करू नकोस.'

ट्राउगॉट उगीच खोकतो.
भिंग हातात माझ्या, बिंग फुटलं तेही माझंच.

मग तीच ट्रेमधून एक उचलते,
नवलकोल घ्यावा तसा तळहातावर तोलते,
कडं फिरवते. फिरत नाही.
'ग्रीस वाळलंय,' तो म्हणतो, 'दोन दिवसांत साफ करून देतो.'
चिठ्ठीवर एकच शब्द: हट्टी.
मावशी आमच्या भाषेत घासाघीस करते.
त्याला सोर्बियन कळत नाही, तरी पाच युरो कमी करतो.
साफ करायला ठेवून जायला आम्हाला वेळ नव्हता.
निदान मी तसं सांगितलं.

नोव्हेंबर. पहाट. तळ्यावर धुकं, होड्या ताडपत्रीखाली.
मावशी बोलायला लागते आणि कडं गारठलेलं,
मी मनगट मोडेस्तोवर फिरवतेय,
आधी मागची वेताची झुडपं स्पष्ट होतात, मग तिची बाही,
मग हवेत उचललेलं बोट.
भट्टी कुठे, सरपण कुठे, कुत्रं कुठे बांधायचे,
सगळं ती धूसर असतानाच सांगून झालं.
चेहरा लागला तेव्हा ती गप्प होती,
खिशात रुमाल शोधत होती.

तो शॉट ठेवलाय, पूर्ण, न कापता.
ट्राउगॉटला दाखवला.
बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, ग्रीस बदलायला हवं होतं.